सुपडूनाना जाळीवाले

डोक्यावर औषधालाही केस नसलेल्या माणसाच्या खिशात तीन-तीन कंगवे असावेत, याचं जळगावात कुणालाच काही वाटत नसे. मी मूळची साताऱ्याकडची, गावात नवीन, म्हणून मला वाटलं.

अजिंठा चौफुलीच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडपुढे सुपडूनाना उकिडवे बसलेले असायचे. समोर गोणपाटावर कुठल्यातरी गाडीचं रेडिएटर आडवं टाकलेलं. एकदा खिशातून लाकडी फणी काढायची, एकदा शिंगाची, एकदा प्लॅस्टिकची, आणि रेडिएटरच्या जाळीच्या त्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या विंचरत बसायचं. लहान पोरीच्या केसांतला गुंता काढावा तितक्या हळुवारपणे. फणीने भागलं नाही तर कानामागे खोचलेला साळिंदराचा काटा निघायचा. तो त्यांना सातपुड्यातल्या एका ओळखीच्या पावरा आदिवासीने आणून दिला होता, जंगलात गळून पडलेला. "ताई, लोखंडनी सुई पाकळीले टोचस. हाऊ काटा फक्त इचारस," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. काटा म्हणे पाकळीला नुसतं विचारतो.

मी तेव्हा सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत होते. गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. आमच्या प्रयोगशाळेला एक जीप होती आणि जीपला जगन नावाचा ड्रायव्हर होता. दोघेही लवकर तापायचे. एका उन्हाळ्यात पहूरहून मातीचे नमुने घेऊन येताना जीपने रस्त्यात तीनदा वाफ सोडली, म्हणून जगनने ती थेट नानांच्या शेडपुढे नेऊन उभी केली. नानांनी गाडीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून विचारलं, "कथाईन उनात, ताई?"

मला अहिराणी तेव्हा अजिबात येत नव्हती. कथा ऐकायला आलात का, असं काहीसं ते विचारताहेत असं वाटून मी म्हटलं, "नाही, गाडी दुरुस्त करायला." नाना टोपी सावरत हसले आणि मग माझ्यासाठी सावकाश, शाळेच्या मराठीत म्हणाले, "कुठून आलात? कोणत्या रस्त्याने?"

"पहूरहून."

"आनि त्याच्या आधी गाडी कुठे गेली होती?"

"कुठेच नाही," जगन मध्येच म्हणाला. "महिनाभर नुस्ती पहूर-जामनेर."

नानांनी पुढची जाळी उघडली, शिंगाची फणी फिरवली आणि जे निघालं ते मुठीत धरलं. मी मान लांब करून पाहत होते. मुठीच्या फटीतून मला वाळक्या केळीच्या सोपटाचे धागे दिसले आणि लाल-पिवळ्या पताकेच्या कागदाचे दोन तुकडे. पहूरच्या रस्त्याला कपाशी असते. केळी असते तिकडे उत्तरेला, फैजपूर-रावेरच्या बाजूला. एवढं भूगोलाचं ज्ञान मलाही आलं होतं.

"नाना, काय निघालं?"

"धूळ शे, ताई. दुसरं काही नही," म्हणत त्यांनी मूठ तशीच सदऱ्याच्या खिशात घातली.

जगनच्या कपाळावरचा घाम पुसायला मात्र त्या दिवशी एक रुमाल पुरला नाही.

सहा महिन्यांनी जगनचं लग्न ठरलं. मुलगी फैजपूरची. लग्नाच्या मांडवात पुरणपोळीच्या पंगतीला नाना माझ्या शेजारी बसले होते, तेव्हा त्यांनी खुलासा केला. साहेबीण, म्हणजे मी, गावाला गेलेली पाहून जगन जीप घेऊन मुलगी बघायला गेला होता. गावात कसलासा उत्सव होता, पताका लागल्या होत्या. मुलीच्या बापाला जीप पाहून जावई मोठा अधिकारी वाटला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत मला?" मी चिडून विचारलं.

"तवा सांगतो तर तुमी याला मेमो देता. मेमोवाल्याला पोरगी कोन देस?" नानांनी पानावर तुपाची धार घेतली. "जाळीनी गोष्ट जाळीमा. आपलं काम फक्त साफ करानं."

हे त्यांचं ब्रीद होतं. जाळीत अडकलेल्या कचऱ्यावरून गाडी कुठे गेली, कुठे थांबली, किती वेळ थांबली, हे त्यांना वाचता येई. गाड्यांची नावंही ते कंपनीवरून घेत नसत. ही 'असोद्यानी', ती 'चोपड्यानी', ती 'रोज चाळीसगाव सांगस पन जास भुसावळले'. अर्ध्या जळगावच्या भानगडी त्यांच्या मुठीत येऊन गेल्या असतील. त्यातली एकही मुठीबाहेर पडली नाही.

शिवाय ते रेडिएटरचं पाणी चाखायचे. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवलं. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "बोरचं शे. क्षार भरपूर. म्हनीसन आत नळी बुजायनी." मी रसायनशास्त्राची पदवीधर. मला हे जरा जास्तच झालं. एके दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेतून चार बाटल्या घेऊन गेले आणि म्हटलं, "नाना, सांगा."

पहिली चाखून म्हणाले, विहीर, काळ्या मातीतली. बरोबर. दुसरी चाखून तोंड वाकडं केलं, "बोर. हाई पानी गाडीले देऊ नका, म्हशीले बी देऊ नका." तेही बरोबर. तिसरी चाखून म्हणाले, "हाई तुमना नळनं शे, औषधना वास येस." चौथीत मी लबाडीने ऊर्ध्वपातित पाणी घातलं होतं. ते त्यांनी एकदा चाखलं, दोनदा चाखलं, तिसऱ्यांदा गुळणी केली. मग बाटली माझ्या हातात परत देत अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, या पान्याले गावच नही."

त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागले. आमची मैत्री जमली ती तिथून. ऑफिस सुटल्यावर मी शेडपुढच्या उलट्या डब्यावर बसायची आणि त्यांच्या पत्नी, बेबाअक्का, मागच्या दोन खोल्यांतून चहा घेऊन यायच्या. अक्का बारीक, उंच, बोलायला नवऱ्यापेक्षा खमक्या. नानांच्या खिशातला प्लॅस्टिकचा कंगवा खरं तर त्यांचा होता, आणि तो रोज संध्याकाळी परत मागितला जाई. "मना डोकामा अॅम्बॅसिडरना किडा घालशात का?" असं म्हणून त्या तो चुलीवरच्या गरम पाण्यात बुडवून काढायच्या. अक्कांना खोकला होता. कोरडा, जुना. बोलता बोलता यायचा आणि बोलणं तिथेच थांबवून जायचा. नाना तेवढा वेळ हातातलं काम ठेवून नुसते बसून राहायचे. खोकला संपला की पुन्हा फणी फिरायची.

शेजारच्या गल्लीत एक डॉक्टर राहायचे. जुनी फियाट होती त्यांची. रक्तदाबाचे पेशंट स्वतःच, पण आख्ख्या गावाला तेल-तिखट सोडायला लावणारे. एकदा त्यांची फियाट तापली तेव्हा त्यांच्या पत्नी स्वतः बरोबर आल्या. वहिनींना शंका होती. दर महिन्याला एका शनिवारी डॉक्टर 'व्हिजिट'ला जात आणि येताना फार खुशीत असत.

नानांनी जाळी विंचरली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाच्या, अर्धवट जळक्या काड्या निघाल्या. राख निघाली. आणि एक काळपट, भाजून सुरकुतलेलं साल निघालं. आता जळगावात पऱ्हाटीच्या जाळावर काय भाजतात हे शेंबडं पोरही सांगेल. असोद्याच्या शेतात वांगी भाजून, शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून, वर तेलाची धार ओतून जे भरीत होतं, ते खाण्यासाठी माणसं कामं टाकून जातात. आणि डॉक्टरांनी फियाट जाळाच्या अगदी तोंडाशी उभी केली असणार.

"नाना, ह्या काड्या कसल्या?" वहिनींनी विचारलं.

"शेतकरी बांधवर पऱ्हाटी जाळतस, वहिनी. उडीसन येतस."

"आणि हे साल?"

नानांनी ते साल तळहातावर घेतलं, उन्हात धरलं, उलटं केलं. डॉक्टर आकाशाकडे पाहत होते.

"हाई पाखरू शे," नाना म्हणाले.

"पाखरू?"

"व्हतं. आते नही."

वहिनी घरी गेल्या. नानांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं आणि अगदी खालच्या आवाजात सांगितलं, "डॉक्टरसाहेब, गाडी दूर उभी करत जा. आनि तेल जरा कमी." डॉक्टरांनी मान डोलावली. स्वतःच्या दवाखान्यात पेशंट डोलावत तशीच.

पुढे एकदा हळदीकुंकवाला वहिनींनी मला सांगितलं की त्यांना सगळं ठाऊक होतं. "मला माहीत नाही असं त्यांना वाटतंय, तोवर ते महिन्यातून एकदाच जातात. माहीत आहे म्हटलं की दर आठवड्याला जातील." मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की टोपी रेडिएटरमध्ये पडली.

अशी बरीच वर्षं गेली. नव्वदचं दशक संपत आलं. रस्त्यावर नवीन गाड्या आल्या. त्यांच्या रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची आणि जाळी अॅल्युमिनियमची. पितळ आणि तांब्यावर नानांचा हात बसलेला. तिथे भोक पडलं तर ते झाळून बुजवायचे, नळी बुजली तर सळी घालून मोकळी करायचे. अॅल्युमिनियमला त्यांची झाळ धरत नव्हती. "बिघडलं की फेका, नवीन टाका," असं ड्रायव्हर लोक सांगू लागले. नाना ऐकून घ्यायचे. पण शेडपुढचं गोणपाट कधीकधी दिवसभर रिकामं राहू लागलं, आणि त्या दिवशी ते उगाच तिन्ही कंगवे धुऊन वाळत घालायचे.

अशातच ती पिवळी गाडी आली.

गाडी धुळ्याच्या अण्णाशेठच्या मुलाची. अण्णाशेठचं धुळ्याबाहेर कापसाचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. मुलगा नितीन परदेशात शिकून परतला होता आणि येताना बोटीने स्पोर्ट्‌स कार घेऊन आला होता. दोन माणसं बसतील एवढी, जमिनीला चिकटलेली, हळदीसारखी पिवळी. बाप रोज सकाळी तिच्याकडे पाहून न्याहारी कमी खायचा, असं लोक सांगत. बापाला मुलगा हवा होता. मुलाला गाडी हवी होती. आणि त्या गाडीने धुळे-जळगाव रस्त्यावर उकळायला सुरुवात केली होती. आतला एसी गरम वारा फेकत होता. धुळ्यातल्या एका गॅरेजने जोराच्या फवाऱ्याने पाणी मारून पाहिलं, तर गाडी जास्तच तापू लागली. मुंबईहून बोलावलेला माणूस म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, सामान बाहेरून मागवावं लागेल. अण्णाशेठ म्हणाले, रविवारपर्यंत गाडी ठीक झाली नाही तर विकून टाकायची. नितीन म्हणाला, गाडी गेली तर मीही परत जाईन. मग दोघांचं बोलणं बंद झालं.

नानांचं नाव त्यांना कुणी सांगितलं, तर आमच्या डॉक्टरांनी. शनिवारी सकाळी एका ट्रकवर चढवून गाडी चौफुलीला आली. मला नानांनी मुद्दाम बोलावून घेतलं, कारण गाडीबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं.

शेडपुढे जत्रा भरली. कुणीतरी पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नाही, नुसती बॅग ठेवायची रिकामी जागा. "इंजिन धुळ्यालाच राहिलं वाटतं!" गर्दीतून आवाज आला. नितीनने वैतागून मागे बोट दाखवलं.

"इंजिन मागे. मंग जाळी कोठे शे?" नानांनी विचारलं.

"पुढे. बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत. प्रत्येक रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर आहे."

"म्हंजे जाळीपुढे जाळी."

"हो."

नाना जमिनीवर पालथे झोपले. गाल मातीला टेकवून त्यांनी बंपरच्या तोंडात पाहिलं. मग नेहमीप्रमाणे रेडिएटरच्या पाण्यात बोट बुडवलं. पाणी हिरवंगार होतं. बोट जिभेकडे निघालं तेवढ्यात माझी नजर पुस्तकातल्या सूचनेवर गेली आणि मी किंचाळले, "नाना, विष आहे ते!"

बोट हवेतच थांबलं. नानांनी ते गोणपाटाला दोनदा पुसलं आणि गाडीकडे दयेने पाहिलं. "मंग गाडी हाई पिईसन कशी जगस?"

तासाभरात बंपर निघाला. समोर कंडेन्सरची जाळी दिसली, बऱ्यापैकी स्वच्छ. गर्दी निराश झाली. नितीन म्हणाला, "हे सगळ्यांनी पाहिलंय. इथे काही नाहीये." फवाऱ्याच्या जोराने तिच्या पाकळ्या मात्र जागोजागी आडव्या झाल्या होत्या. नानांनी त्यावरून तळहात फिरवला. "पाकळ्या निजी गयात," म्हणाले, आणि मला विचारलं, "पुस्तक काय सांगस?"

"पुस्तक म्हणतं जोराचं पाणी मारू नका. पाकळ्या वाकतात. कचरा आत ढकलला जातो."

"पुस्तक शहानं शे. आनखी?"

"दोन जाळ्यांच्या मध्ये फट असते. तिथे कचरा साठतो. कंडेन्सर सोडवून पुढे घ्या, पण नळ्या उघडू नका, गॅस निघून जाईल."

हा गॅस पुन्हा भरणारं माणूस तेव्हा जळगावात नव्हतं. म्हणजे नळ्या जोडलेल्याच ठेवून, जेवढ्या वाकतील तेवढ्यावर कंडेन्सर दोन बोटं पुढे आणायचा आणि तेवढ्या फटीतून काम करायचं. नळी तडकली तर संपलं. तसला भाग अख्ख्या देशात मिळाला नसता. नितीनचा चेहरा उतरला. "नाना, जमेल ना? नाही तर राहू द्या."

नाना पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघून बोलले, "भाऊ, मी आजपावत अशी गाडी देखी नही. पन जाळी देखेल शे."

त्यांनी अक्कांकडून लुगड्याच्या काठाची एक पट्टी मागून घेतली. कंडेन्सरचे बोल्ट सोडवले, तो हळूहळू दोन बोटं पुढे घेतला आणि त्या पट्टीने वरच्या दांडीला झोळीसारखा बांधला. फटीत डोकावून पाहिलं. मला हाताने खुणावलं.

मी पाहिलं. आत जाळी नव्हतीच. पांढरीमळकट, दाबून बसलेली जाड गादी होती. कडेला चार कडुनिंबाची पानं, काही मेलेले किडे, आणि बाकी सगळी गादी. वारा जाणार कुठून? फवाऱ्याच्या पाण्याने ती आणखी घट्ट बसली होती, भिजवून वाळवलेल्या घोंगडीसारखी.

आता ती ओढायची कशी? ओढली तर पाकळ्या बरोबर येणार. पुस्तकात लिहिलं होतं, आधी व्हॅक्यूम क्लीनरने शोषून घ्या. जळगावात व्हॅक्यूम क्लीनर होता तो डॉक्टरांच्या घरी, वहिनींना त्यांच्या भावाने दिलेला, शोकेसमध्ये ठेवलेला. तो स्वतः डॉक्टर छातीशी धरून घेऊन आले. नाना काट्याने गादी सैल करत, फणीने धागा उचलत, आणि डॉक्टर नळी धरून तो ओढून घेत. एका वेळी बोटाएवढा तुकडा. एका जाळीला तीन तास लागले. मध्ये फक्त एकदा नाना उठले, पाठ सरळ केली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमना हात चांगला शे. इतला दिवस वाया घाला दवाखान्यामा."

दुसरी बाजूही तशीच निघाली. शेवटी साध्या झारीने वरून पाण्याची धार सोडली, तेव्हा ती जाळीतून आरपार खाली पडली. इतका वेळ दम धरून उभी असलेली माणसं एकदम बोलायला लागली. आडव्या झालेल्या पाकळ्या नानांनी एकेक करून उभ्या केल्या. गोणपाटावर रुईचा ढीग साठला होता, लहान बाळाची दुलई भरावी एवढा.

तेवढ्यात अण्णाशेठ आले. अॅम्बॅसिडरमधून उतरले, मुलाकडे न बघता नानांना विचारलं, "काय, विकायची का?"

"काही व्हयेल नही गाडीले. श्वास कोंडेल व्हता," नाना म्हणाले. ते ढिगातली चिमूट बोटांत चोळत होते. मी त्यांना ओळखत होते. आता ते 'धूळ शे' म्हणणार आणि मूठ खिशात जाणार, अशी माझी खात्री होती.

ते नितीनला म्हणाले, "भाऊ, गाडी रोज कोठे उभी ऱ्हास?"

"मिलमध्येच. जिनिंगच्या शेडमागे. तिथे सावली असते."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. चारेक महिने."

नानांनी ती चिमूट अण्णाशेठच्या तळहातावर ठेवली. "शेठ, हाई रस्त्याना कापूस नही. सरकी काढेल रुईनी धूळ शे. तुमना शेडमाईन उडस ती. गाडी भिंतनी बाहेर चार महिना उभी व्हती. भिंतनी आतमा बाया शेतस, आठ-आठ तास, वरीसनं वरीस." त्यांनी धुतलेल्या जाळीकडे बोट दाखवलं. "गाडीनी जाळी मी धुई टाकी. त्यासनी कोन धुई?"

इतक्या वर्षांत जाळीतली गोष्ट त्यांनी चारचौघांत बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. अण्णाशेठचा चेहरा लाल झाला. "नाना, तुम्ही गाडीचं बोला," ते म्हणाले. "जिनिंगमधलं तुम्हाला काय माहीत?"

बेबाअक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि शेठसमोर कप धरला. "त्यासले नही, माले माहीत शे. तुमना नही, जळगावना दुसरा जिनमा. सात वरीस व्हतू मी. पयले आम्ही बाया गानं म्हनत काम करूत." त्यांना खोकला आला. त्यांनी तोंडावर पदर धरला, तो जाऊ दिला आणि वाक्य पूर्ण केलं. "मंग गानं सुटनं, खोकला ऱ्हायना. चहा ल्या, शेठ. थंडा व्हई."

अण्णाशेठ तसेच वळून अॅम्बॅसिडरपर्यंत गेले. दारावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता निघून जाणार. पण ते परत आले, डब्यावर बसले आणि चहा पूर्ण प्यायले. कप अक्कांच्या हातात स्वतः दिला. मग नितीनकडे बघून, आठवडाभरात पहिल्यांदाच, म्हणाले, "चालू करून बघ."

गाडी चालू झाली. तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला तो हललाच नाही. नितीनने नानांना शेजारी बसवून असोद्याच्या फाट्यापर्यंत चक्कर मारली. गाडी इतकी खाली की नानांना आत बसवायला डॉक्टर आणि मी, दोघांनी धरावं लागलं. "जेवाले बसाडी राह्यनात का?" ते म्हणाले. परत आले तेव्हा टोपी कानांवर ओढलेली, उपरणं गळ्याभोवती गुंडाळलेलं आणि नाकाचा शेंडा थंडगार.

"कसा आहे एसी?" लोकांनी विचारलं.

"हिवाळा भरी ठेवेल शे आतमा," नाना कुडकुडत म्हणाले आणि उन्हात जाऊन उभे राहिले.

दोन-अडीच महिन्यांनी मला कामासाठी धुळ्याला जावं लागलं. वाकडी वाट करून मी अण्णाशेठचं जिनिंग पाहून आले. शेडच्या मागच्या भिंतीला चार मोठे पंखे बसले होते, हवा बाहेर फेकणारे, आणि त्यांना बारीक जाळी. बायांच्या नाकातोंडाला मऊ कापडाच्या पट्ट्या होत्या. काही जणींनी त्या गळ्यात सोडल्या होत्या आणि नितीन प्रत्येकीला त्या वर करायला सांगत फिरत होता. बाया हसत होत्या. सगळं सुधारलं होतं असं नाही. उन्हाच्या तिरिपेत धूळ अजून दिसत होती. पण नितीन राहिला होता, आणि पिवळी गाडी आता शेडपासून लांब, कडुनिंबाखाली उभी होती. ती पुढे त्याने स्वतःच विकली. आमच्याकडच्या रस्त्यांना ती कंटाळली, असं तो सांगत असे.

हे मी नानांना येऊन सांगितलं. ते खूश झाले. "पंखा उलटा तर नही लाया ना?" एवढंच विचारलं. मग आत जाऊन त्यांनी अक्कांना सांगितलं. आतून बराच वेळ दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी डब्यावर एकटीच बसून राहिले आणि थोड्या वेळाने उठून गेले.

त्यानंतर वर्षभरात त्यांनी शेड बंद केली. अॅल्युमिनियमपुढे हरले म्हणून नव्हे. त्या पिवळ्या गाडीनंतर तर लांबलांबहून नवीन गाड्या येऊ लागल्या होत्या. पण चौफुलीच्या धुराने अक्कांचा खोकला वाढला आणि डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. अक्कांचं माहेर असोद्याचं. भावाच्या मळ्यात दोन खोल्या होत्या. नानांनी एका आठवड्यात सामान हलवलं. "कारागीर मानूस, हात कोठेबी लयी जास," असं म्हणाले आणि निघून गेले. डॉक्टरांना मात्र आता महिन्यातून चार शनिवार व्हिजिटला जायला सबळ कारण मिळालं.

माझी बदली झाली तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी कामासाठी असोद्यावरून जाणाऱ्या बसमध्ये बसले होते. उतरून भेटावं असं मनात होतं, पण पुढची बस दुपारपर्यंत नव्हती. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. गावाच्या अलीकडे रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर दोघं बसलेली दिसली. नानांच्या मांडीवर ओल्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग होता. ते शेंग फोडायचे आणि दाणे अक्कांच्या तळहातावर ठेवायचे. अक्का काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, न थांबता, आणि नाना मान हलवत ऐकत होते.

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडले, "नाना! अक्का!"

"बाई, हात आत घ्या," कंडक्टर म्हणाला. बस थांबली नाही.

नानांनी वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर होतं आणि खिडक्या भराभर पुढे सरकत होत्या. कोण हाक मारतंय हे त्यांना दिसलं नसावं. त्यांनी शेंगा एका हातात घेतल्या, उठून उभे राहिले आणि दुसरा हात उंच करून अख्ख्या बसला राम राम केला. बसमधल्या पाच-सात जणांनी, त्यांना न ओळखताच, हात बाहेर काढून उलट राम राम केला.